एका फेऱ्याचा मायनस

ती मोजायची आणि तो गणित मांडायचा. लग्नाआधीपासून हे असंच चालत आलं होतं. संस्था एकच; तिची प्रयोगशाळा तळघरात, त्याचं टेबल वरच्या मजल्यावर.

या खेपेला दोघांनी हाती घेतलं होतं एक कडं, केसापेक्षाही कितीतरी बारीक. त्यात शिरलेला इलेक्ट्रॉन लाटेसारखा दोन्ही बाजूंनी एकदम जातो आणि पलीकडे स्वतःलाच भेटतो. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं, की कड्यातून जाणारी वीज कमीजास्त होते आणि आलेखावर लाटा उमटतात. पण त्याच्या गणितात जिथे शिखर, तिथे तिच्या आलेखात नेमकी दरी!

"चुंबकाच्या वायरी उलट्या लागल्यात तुझ्या," तो जेवताना म्हणाला.

"वायरी उलटल्या तर डावीकडचं उजवीकडे जाईल. वरचं खाली कसं येईल?"

"मग दुसरं काही चुकलं असेल."

"बायको उलट बोलते, आता तिचं मशीनही उलट बोलतं, असंच ना?"

तरी तिने सगळं उघडून एकेक जोड तपासला, पुन्हा थंड केलं, पुन्हा मोजलं. दरी जागची हलली नाही. तिने आलेख फ्रिजवर चिकटवला.

सकाळी फ्रिजमधून दूध काढताना तो आलेखासमोर थबकला. चहा राहिला तो राहिलाच.

दुपारी तो घरातल्या चपलांवरच तळघरात आला. ती जाड हातमोजे घालून, शिडीवर उभी राहून, कडं थंड ठेवणारं द्रव हेलियम भरत होती.

"स्पिन!" तो खालूनच ओरडला. "इलेक्ट्रॉनच्या अंगचा तो इवलासा चुंबकी बाण चालता चालता वळतो. पुरा फेरा झाला की दिसतो पहिल्यासारखाच, पण इलेक्ट्रॉनच्या लाटेला मायनस चिकटलेला असतो. मी तो धरलाच नव्हता, म्हणून तुझी दरी मला शिखर दिसली."

"आणि वायरी?"

"वायरी सरळ आहेत गं. मीच वाकडा."

ती हसली. "आधी शिडी धर."

मग त्यानेच सुचवलं: स्पिनला वळवणारी ओढ कमी करत नेली, तर मायनसही जायला हवा. ती ओढ कमी करायला तिने व्होल्टेजचं बटण हळूहळू फिरवलं. दोघं एकाच स्टुलावर अर्धे अर्धे टेकून पडद्याकडे बघत राहिले. दरी उथळ झाली, सपाट झाली आणि तिथेच एक शिखर वर येऊ लागलं.

"आलं बघ, आलं!" म्हणत तिने जाड हातमोज्यासकट त्याचा हात घट्ट धरला.

"आता खरं सांग, सकाळपासून काही खाल्लंयस का?" तिनेच पुढे विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली, पण नजर काही पडद्यावरून हटेना. तिनेच उठून आपला डबा आणला आणि त्याच्यासमोर उघडून ठेवला.