निरोपाआधीचं गोड

अमर देठेनं आजवर नऊ मुली पाहिल्या होत्या आणि नऊ घरचे पोहे खाल्ले होते. पोह्यांबद्दल त्यानं तासभर सांगितलं असतं, कुठं कांदा कच्चा होता, कुठं शेंगदाणे जळले होते, कुठं वरून तर्री होती. मुलींबद्दल मात्र त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. नऊच्या नऊ घरांतून एकच निरोप आला होता, मुलगा चांगला आहे, पण शेती करतो.

गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मुकुटबनच्या शिवारात बोंड फोडावं तर आत अळी, आणि मुलीच्या बापानं तोंड उघडावं तर आत नोकरीचा प्रश्न. एकतिशीच्या अमरला आता दोन्ही उघडायची भीती वाटायला लागली होती.

दहावं स्थळ बाभुळगावच्या एका शाळामास्तरांच्या मुलीचं, सुरभीचं. ती यवतमाळला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिनं सरळ फोन करून कळवलं की घरच्या कार्यक्रमाआधी आपण दोघंच भेटू. माझ्या जेवणाच्या सुट्टीत या, लॅबच्या मागं एक इटालियन हॉटेल नवीन निघालं आहे, तिथं बसू.

देठ्यांच्या घरात या फोननं गोंधळ उडवून दिला. अमरचे वडील पुंडलिकराव "दोघंच?" असं तीनदा विचारून गोठ्याकडे निघून गेले. मग नेहमीप्रमाणे कारभार कोकिळाआत्याच्या हाती आला. या बाईनं अख्ख्या भावकीची लग्नं जमवली होती, आणि सख्ख्या भाच्याचं जमत नाही हे तिला स्वतःच्या नावाला लागलेलं लांछन वाटत होतं.

"दोन गोष्टी ध्यानात ठेव," आत्या म्हणाली. "नोकरीचं इचारलं तर कापसाच्या जिनिंग मिलमध्ये लागून राह्यली म्हणून सांगजो. अन् निरोप आल्याबिगर गोडाले हात नको लावजो. महागावचं इसरला नाही ना?"

महागावचं कोण विसरणार? तिथं अमरनं शिरा दोनदा मागून खाल्ला होता. मुलीकडच्या घरी गोड खाल्लं म्हणजे पसंती झाली, तोंड गोड झालं, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. आत्यानं त्याच संध्याकाळी गावभर सांगून टाकलं, आणि आठव्या दिवशी नकार आला. त्यानंतर महिनाभर आत्या लाजेनं विहिरीवर गेली नाही.

सकाळची एसटी धरून अमर यवतमाळला उतरला, शर्टाची घडी हातानं बसवत हॉटेल शोधत गेला. हॉटेल म्हणजे एका घराचं गॅरेज होतं. दारावरच्या पाटीवर एक पांढरा मनोरा काढलेला, तोही चांगलाच कललेला. रंगाऱ्यानं पैसे घेऊन फसवलं बिचाऱ्याला, असं अमरच्या मनात आलं. पण आत गेला तर तोच कललेला मनोरा भिंतीवर, तोच मेनू कार्डावर. एवढ्या वेळा चूक कशी होईल? तो तिथूनच गोंधळायला लागला, आणि पुढचा तासभर त्याला त्यातून बाहेर येता आलं नाही.

सुरभी आधीच येऊन बसली होती. निळा ड्रेस, केसांना एकच क्लिप, समोर पाण्याचा ग्लास. फोटोत दिसते त्याहून ती सावळी होती आणि चांगली होती. अमर समोरची खुर्ची ओढून बसला.

"लई वेळ झाला का तुमाले?"

"नाही, मीच लवकर आलती," ती म्हणाली.

मालक स्वतःच वही घेऊन आला. त्याचं नाव नेमसिंग, गाव महागावकडचा एक तांडा. दहा वर्षं पुण्या-गोव्याच्या हॉटेलांत काढून आता इथं स्वतःचं मांडून बसला होता. त्यानं मेनू कार्ड पुढं ठेवलं. अक्षरं मराठी होती, पण त्यातला एकही शब्द अमरच्या ओळखीचा नव्हता. नववीत गणिताचा पेपर हातात पडल्यावर जसा घाम फुटायचा तसा फुटला. ही परीक्षाच असणार. नाहीतर जिल्ह्यात एवढ्या सावजी खानावळी अन् भोजनालयं सोडून कोणी इथं बोलावेल?

"तुम्ही सांगा," तो म्हणाला.

"मले कुठं काय समजते? मी पण पयल्यांदाच येऊन राह्यली," सुरभी म्हणाली.

हेही परीक्षेतलंच असेल का? तिला येत असून येत नाही म्हणते आहे का? अमरनं कार्डावर डोळे मिटून बोट ठेवल्यासारखं बोट ठेवलं, आणि नेमसिंग खूश होऊन गेला. "गुलाबी सॉसमधला पास्ता! आमचा तोच चालते," असं म्हणत तो आत पळाला.

पदार्थ येईपर्यंत दोघं टेबलावरच्या पुड्यांशी खेळत बसले. एक पुडी तिखटाची होती, ती कळली. दुसरी फोडून अमरनं हुंगली. "ओवाच हाय हा," तो म्हणाला. सुरभीनंही हुंगली आणि म्हणाली, "आमच्या आईनं पाहिला तर काढा करीन याचा." दोघंही हसले. अमरला जरा बरं वाटलं, आणि लगेच शंका आली की एवढं मोठ्यानं हसायला नको होतं.

मग पास्ता आला.

खोलगट बशीत गुलाबी रस, आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या, वाकड्या, गुबगुबीत, फिकट गुलाबी नळ्या. अमरनं बशीत वाकून पाहिलं. गेले तीन महिने तो सकाळी उठून हेच पाहत आला होता. त्याचा हात आपोआप पुढं गेला. त्यानं एक नळी बशीच्या कडेला घेतली, काट्यानं उभी चिरली, दोन्ही फाका उघडून आत पाहिलं आणि बाजूला ठेवली. मग दुसरी चिरली, मग तिसरी. शेतात ओळीतून चालताना दर दहा झाडांमागं एक बोंड फोडायचं ही त्याच्या हाताला सवयच लागली होती. सात नळ्या फोडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की सुरभीनं अजून घास घेतलेला नाही.

"तुम्ही काय शोधून राह्यले?" तिनं विचारलं.

आता काय सांगावं? आत्यानं शिकवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं, जिनिंगमध्ये लागून राह्यली. पण प्रश्न तो नव्हताच. आणि समोर सात फोडलेल्या नळ्या पडलेल्या असताना माणूस जिनिंगचं कुठून काढणार?

"अळी," तो म्हणाला.

मग अमरच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. नऊ एकर कापूस होता. वरून झाड हिरवंगार, बोंडं भरलेली, शेजारचे म्हणायचे औंदा अमरचं शेत पाहण्यासारखं हाय. फोडून पाहिलं तर दर बोंडात हीच, अशीच गुलाबी. शेवटी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. ट्रॅक्टर त्यानंच चालवला, वडिलांना बांधावर येऊ दिलं नाही.

"मग आता?" तिनं हळूच विचारलं.

"आता हरभरा पेरला. उगवला बी." तो थांबला. मग म्हणून टाकलं, "नोकरी नाही मले. आत्यानं सांगतलं होतं जिनिंगचं सांगजो म्हणून, पण ते खोटं हाय. मी शेतीच करीन. मले तेच येते."

संपलं, त्याच्या मनात आलं. दहावंही गेलं. आत्या आता कायमची विहिरीवर जायची बंद होणार.

सुरभीनं काटा उचलला. तिनं त्या सात फोडलेल्या नळ्या स्वतःच्या बशीत ओढल्या आणि एकेक करून खाल्ल्या. "नाही निघाली," ती म्हणाली. मग दाराकडे मान वळवून तिनं नेमसिंगला नुसती खूण केली.

नेमसिंग जणू तयारच उभा होता. त्यानं काचेचा एक कप आणून दोघांच्या मधोमध ठेवला. कपात सायीसारखं काहीतरी, वर तपकिरी भुकटी, बाजूला दोन चमचे.

"हे काय हाय?" अमरनं विचारलं.

"गोड हाय," सुरभी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "घ्या ना."

अमरच्या डोळ्यांपुढं महागावचा शिरा आला, आत्या आली, रिकामी विहीर आली. निरोप आल्याबिगर नाही. एक गोष्ट तर मोडलीच होती, निदान दुसरी पाळावी. तो ताठ बसला.

"नाही. गोड नको मले," तो म्हणाला.

सुरभीचा चेहरा एकदम उतरला. तिनं एक चमचा उचलला, वरवरचं थोडं खाल्लं, आणि तोंड असं कडू केलं की अमरला कुठं बघावं कळेना. मग ती पर्स घेऊन उठली. "बरं. सुट्टी संपली माही," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

अमर बसूनच राहिला. त्याचं काय चुकलं? खरं बोलला तेव्हा तिनं नळ्या खाल्ल्या, आणि वागायला हवं तसं वागला तर उठून गेली? बाईमाणसाचं काही समजत नाही, असं म्हणून मोकळं व्हावं तर मनाला तेही पटेना.

नेमसिंग बशा उचलायला आला आणि कपाकडे पाहून हळहळला. "दादा, तुम्ही हात बी नाही लावला? बाईनं आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. म्हणे जमलं असं वाटलं तर मीच खूण करीन, तवाच गोड आणा. नाहीतर आणूच नका. मी तर तिकून पाहून राह्यलो होतो, कवा खूण होते म्हणून."

अमरनं हे ऐकलं. पुन्हा एकदा विचारून ऐकलं. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि लाजेनं आणि आनंदानं त्याला उभंही राहवेना अन् बसवेना. ज्या निरोपासाठी तो गोड नको म्हणत होता, तो निरोप काचेच्या कपात समोर ठेवलेला होता! आणि त्यानं तिला नकार दिला होता. नऊ घरांनी त्याला दिला तसाच, आणि तोही तोंडावर.

त्यानं कप उचलला, दोन्ही चमचे खिशात घातले आणि तो निघाला. नेमसिंग मागून "कप परत आणा बरं!" असं ओरडला.

लॅबमध्ये जेवणानंतरची साखर तपासायला आलेली माणसं बाकावर ओळीनं बसली होती. खुर्चीत इंदूबाई नावाची एक म्हातारी बाही वर करून बसली होती, आणि सुरभी हातमोजे घालून तिच्या दंडाला रबर बांधत होती. अमर कप छातीशी धरून थेट समोर जाऊन उभा राहिला. सगळा बाक त्याच्याकडे पाहायला लागला.

"नंबर लावा," सुरभी वर न बघता म्हणाली. मग तिनं पाहिलं.

"मले वाटलं, निरोप यायचा हाय अजून," अमर म्हणाला. "तो आलता. मले समजला नाही." आणि तिनं काही म्हणायच्या आत त्यानं चमचाभर उचलून तोंडात घातलं.

त्याचा चेहरा बदलला. वरची ती भुकटी चांगलीच कडू होती. हॉटेलात तिनं तोंड कडू केलं होतं ते कशानं, हे त्याला आत्ता कळलं, पण आता नवीच धास्ती बसली.

"हे तर कडू हाय," तो घाबरून म्हणाला. "गोडच हाय ना पण हे? चालते ना?"

सुरभी ओठ दाबून उभी होती. "मलेही तसंच लागलं," ती म्हणाली. "खालतून घ्या."

त्यानं चमचा तळापर्यंत घातला, खाल्लं, आणि मान डोलावली. मग खिशातला दुसरा चमचा काढून तिच्यापुढं धरला.

"बाई, माहं रक्त कवा घेतं?" इंदूबाईंनी विचारलं.

सुरभीनं म्हाताऱ्या दंडावरचं रबर सोडलं आणि हातमोजे काढले. "दोन मिनिटं थांबा, आजी," ती म्हणाली. "आम्ही तोंड गोड करून राह्यलो."