गौराचं फूल

माझ्या मायच्या डाव्या मनगटावर हिरवं फूल गोंदलेलं होतं, अन् ते माझं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, गौराचं होतं. गौरा पटकीनं मेली तवा मी पाळण्यात होते. त्याच साली माय तुळजापूरच्या जत्रंत गोंदणारणीपुढं हात करून बसली. बाई मेली की दागिने हितंच राहतात, गोंदण तेवढं संगं जातं, म्हणतात.

मला त्या मेलेलीचा लई राग यायचा. माय भाकरी थापायला बसली की परातीत गौरा नाचायची. एकदा म्या मायचं मनगट राखेनं घासलं, पार साल निघंस्तोवर. तिनं हात वढला न्हाय.

"माझं का न्हाय गोंदलंस?"

"तू हाईस की गं जिती," माय म्हणाली.

हे काय उत्तर झालं?

रझाकारांच्या धामधुमीत माय तापानं गेली. शेवटचं न्हाऊ म्याच घातलं. फूल तसंच हिरवंगार. चालली घेऊन लाडकीला!

पुढच्या जत्रंत मीबी गोंदणारणीपुढं बसले. मायच्या नावानं तसलंच फूल काढून घेतलं. आता तिला माझ्यासंगं यावंच लागंल.

घरी आले तर माझी पोर सरू त्या फुलाकडं टक लावून बघत राहिली.

"आजीचं हाय," म्या सांगितलं.

"अन् माझं कुठं हाय?"

तोंड उघडलं अन् मायचंच उत्तर बाहेर पडलं. सरू तडक चुलीकडं गेली अन् मूठभर राख घेऊन आली.