टेबलावरचा फुगवटा

मित्रांनो, माझं वय विचारू नका. मी लिहिण्याचं एक जुनं टेबल आहे, एवढं कळलं तरी पुरे. पण जुनं म्हणजे मोडकळीला आलेलं, असा अर्थ कुणी काढू नये. माझा खण आजही एका बोटानं उघडतो. आतून मी साध्या लाकडाचा. अंगावर मात्र अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा सरसानं चिकटवलेला. त्याला व्हिनिअर म्हणतात. त्याच्यावरच्या रेषा बघून भलेभले मला अख्खा अक्रोडाचा समजायचे. मीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

माझी मालकीण डॉक्टर होती. दिवसभराचं लिहिणं संपलं की ती मला कोरड्या फडक्यानं पुसायची. चहाचा कप थेट माझ्यावर ठेवला, तर पाहुण्यांचीही ती गय करत नसे. ती वारली आणि मी तिच्या नवऱ्याच्या हाती आलो. हे गृहस्थ शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणूस लाख चांगला. बायकोच्या आठवणीनं त्यांनी तिची आवडती कुंडी माझ्यावर आणून ठेवली आणि रोज न चुकता पाणी घालू लागले. कुंडीखालची बशी गळते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पाणी मुरलं, सरस सुटला आणि माझा पापुद्रा फुगून वर आला. मास्तरांनी काय करावं? तो दबावा म्हणून त्यावर बारीक खिळे ठोकले. पापुद्रा तडकला, त्याचे तुकडे निघाले. मग माझ्यावर जाड चादर टाकून त्यांनी त्या खोलीत येणंच सोडलं. तिथं मला फार एकटं वाटलं, खरंच सांगतो.

अशात एकदा लेकीचा फोन आला. तीही डॉक्टर. नव्या दवाखान्यासाठी आईचं टेबल न्यायला ती रविवारी येणार होती. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आईची एक वस्तू बाबांना सांभाळता आली नाही, असं तिला वाटलं तर? ते तडक जाऊन जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या बाईंना घेऊन आले.

बाईंनी वाकून एकेक खिळा निरखला. मग निघालेले तुकडे फेकून दिलेत का, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी ओशाळून बिस्किटांचा डबा पुढे केला. टाकवत नव्हतं, म्हणून एकूण एक कपची त्यात ठेवली होती.

“मग निम्मं काम तुम्हीच केलंय,” बाई म्हणाल्या.

त्यांनी खिळे अलगद उपसले. फुगवट्याला रेषांच्या दिशेनं चीर देऊन आत सरस सोडला, फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवली आणि वर फळी ठेवून घट्ट आवळलं. कपच्या जागच्या जागी बसल्या. एका तुकड्याचा पार भुगा झाला होता. त्याच्यासाठी बाईंनी माझ्याच पाठीकडचा, कुणाला न दिसणारा पापुद्रा काढून लावला. वरून पॉलिश झालं आणि माझा रुबाब परत आला.

लेक आली. माझ्यावरून हात फिरवताच तिला सांधा सापडला. डॉक्टरचीच बोटं ती. मास्तरांनी मान खाली घालून कुंडीपासून खिळ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

“मी हे नेणार नाही, बाबा,” ती म्हणाली.

मास्तरांचा चेहरा उतरला.

“याला एवढा जीव लावणारं तिथं कोण आहे? इथंच राहू दे, तुमच्याजवळ.”

मास्तर खुर्चीत बसले, दोन्ही हात माझ्यावर ठेवले आणि मनसोक्त रडले. ते पाणी मात्र लेकीनं लगेच पुसलं.

मित्रांनो, आमचा पापुद्रा निघाला तर तुकडे जपून ठेवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. दुरुस्त होण्याची मला कधीच भीती वाटली नाही. तुम्ही लाजून खोलीत यायचं बंद करता ना, तेवढं मात्र करू नका.