वाळूकडचं कुंपण

कासवताईने बादली थेट मीटिंगच्या टेबलावर आपटली. आतली भिजून फुगलेली अंडी हलली, आणि वास सुटताच मासेविभागाच्या साहेबांनी आपला चहा हळूच बाजूला ओढला.

"हा तुमचा एकत्रित आराखडा," ती म्हणाली. "घ्या, नीट बघून घ्या."

तळं एकच होतं, पण त्यातले जीव वाचवणारे विभाग तीन. मासे साहेबांकडे, पक्षी दुसऱ्याकडे, कासवं तिच्याकडे. तिन्ही नामशेष व्हायला टेकलेले, आणि प्रत्येक विभाग आपल्यापुरतं बघून मोकळा. सगळ्या तळ्याचा मिळून एकच आराखडा करायचा म्हणून ही बैठक वर्षभर ठरत होती आणि वर्षभर पुढे ढकलली जात होती. वेळ कुणाला होता!

"पाणी कुणी वाढवलं?"

उत्तर तिला ठाऊक होतं. समोर बसलेला पक्षीविभागाचा प्रमुख तिचा नवरा होता. ती प्रशिक्षणाला बाहेरगावी गेली असताना या माणसाने बंधाऱ्याचं दार बंद करून पाणी चढवलं, आणि रोज संध्याकाळी फोनवर 'जेवलीस का' विचारताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"मी," तो म्हणाला.

"मला विचारलंस?"

"बेटावर पिल्लं आहेत. पाणी इतकं उतरलं होतं की कुत्री चालत तिथे पोचत होती. मागच्या वर्षी एकही पिल्लू वाचलं नाही. यंदाही विचारत बसलो असतो तर..."

"आणि माझी अंडी गेली ती गेली! निम्मा वाळूचा पट्टा पाण्याखाली आहे. वरच्या अंगाची अजून जिवंत आहेत. आजच्या आज दार उघड."

"उघडलं की कुत्री बेटावर."

"कुत्र्यांचं मला सांगू नकोस! इतकी वर्षं ती तळ्यावर आहेत. बेटाकडे कधी ढुंकून बघितलं नाही त्यांनी. मागच्या वर्षीच बरे पक्षी गोड लागायला लागले?"

साहेबांनी टेबलावरच्या नकाशाकडे बघितलं, मग तिच्या नवऱ्याकडे. तो खाली मान घालून बसला होता.

तिनेही नकाशा बघितला. वाळूच्या पट्ट्याला जमिनीच्या बाजूने लाल रेघ होती. तिचं कुंपण. साहेबलोकांचे उंबरे झिजवून तिने ते मंजूर करून घेतलं होतं. मागच्या वर्षी ते उभं राहिलं आणि कुत्र्यांना कासवाचं एकही अंडं मिळालं नाही. त्याआधी प्रत्येक हंगामात कुत्री त्या अंड्यांवरच पोट भरत होती.

तिने लाल रेघेवर बोट ठेवलं.

"तुला माहीत होतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"हो."

"वर्षभर?"

"तू इतकी खूश होतीस. पहिल्यांदाच तुझी पिल्लं पाण्यात उतरली होती. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंड्यांपेक्षा हेच जास्त झोंबलं.

"मला जपत होतास? बेटावरची पिल्लं मरू दिलीस, माझी अंडी बुडवलीस, आणि मला जपलंस! उपकारच झाले की!"

"अहो, घरचं भांडण घरी..." साहेब पुटपुटले.

"घरी भांडलो असतो तर ही बादली इथे आली नसती, साहेब."

दुपारी नवऱ्याने बंधाऱ्याचं दार उघडलं. पाणी उतरायच्या आत कुंपण वाळूपाशी तोडून पुढे न्यायला हवं होतं, म्हणजे बेटाकडची उथळ वाटही आत येणार होती. नव्या जाळीच्या गुंडाळ्या येऊन पडल्या होत्या. कासवताई पक्कड घेऊन कोपऱ्यावरच्या तारा तोडत होती. तो आला आणि तिला मदत म्हणून खांब धरू लागला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "आधी बोल."

"काय बोलू?"

"वर्षभर गिळून बसलास ते."

तो तिथेच चिखलात उभा राहिला. मग सांगू लागला. कुंपण लागलं त्याच आठवड्यात पहिलं घरटं गेलं. त्यातली पिल्लं पंख फडफडवायला लागली होती. दुसऱ्या घरट्यात नुसती पिसं मिळाली. ती मान वर न करता तारा तोडत राहिली, आणि तो थांबला की म्हणायची, "पुढे."