कोपराच्या मापाचा ओटा

आमचे हे सुतार. कुणाच्याही घरी ओटा करायचा, तर जो रांधणार त्याच्या कोपराचं माप आधी घ्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. सहलीला गाडीमागे जोडायच्या ट्रेलरसाठी त्यांनी स्वयंपाकाची पेटी केली. शेगडीला कप्पा, ताटांना खाचा, खाली चार पाय, आणि झाकण आडवं केलं की ओटा तयार. मी समोर उभी राहिले, तर तो बरोब्बर माझ्या कोपराखाली आला.

"बघ, न विचारता जमलं!" हे खूश.

माझं डोकंच फिरलं. "घरात मीच, आणि सुट्टीतही मीच? माझं माप घ्यायला सांगितलं कुणी?"

हे डोकं खाजवत गेले आणि स्वतःच्या मापाचे उंच पाय ठोकून आले. ओटा आता माझ्या छातीला लागायला लागला.

सहलीत मी खुर्ची टाकून ऐसपैस बसले. ह्यांनी भाजी पार करपवली, वर मीठ दोनदा घातलं.

"कशी झालीय?"

"झकास!" म्हणत मी ताट चाटूनपुसून साफ केलं. नावं ठेवली असती, तर पेटीचे पाय पुन्हा माझ्या मापाचे करायला करवत गाडीतच होती.