पोत्यावरचा साप

मित्रांनो, मी एक जुना सिनेमाचा फलक आहे. मैद्याची दोन पोती उसवून, जोडून एबो पेंटरने मला ताकोराडी या बंदराच्या गावात रंगवलं. आज मला पुन्हा टांगणार आहेत आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

आमच्याकडे सिनेमा गावात येण्याआधी फलक लागायचा, म्हणून पेंटर नुसती गोष्ट ऐकून चित्र काढायचा. ज्या सिनेमासाठी मला रंगवलं, त्यात नटी अराबाबाईंनी विधवा सुनेला घराबाहेर काढणारी सासू केली होती. एबोने तेवढंच ऐकलं. बाईंचे डोळे लालभडक केले आणि तोंडातून हिरवा साप सोडला. लोकांची झुंबड उडाली. मी फुशारून गेलो.

मग वर्तमानपत्रात टीका आली, ‘बाईंपेक्षा फलकावरचा साप बरा अभिनय करतो.’ बाजारात एकुआ मासेवाली बाईंना म्हणाली, “माझे मासे कशाला? तोंडातला साप तळून खा की!” पुढच्या सिनेमातलं प्रेमळ आईचं कामही निर्मात्याने काढून घेतलं. “तुम्हाला बघून पोरं रडतील, बाई.”

बाई तडक एबोकडे आल्या. तो माझ्या कडेचा रंग सारखा करत होता.

“एबोदादा, साप पुसा.”

“पुसतो की! मग तिकिटं काय तुमची मावशी काढणार?”

“सिनेमा बघितलात?”

एबो ब्रश धुऊ लागला. “सगळे बघत बसलो तर रंगवू कधी?”

“एवढा एक बघा. मग हवे तर दोन साप काढा.”

तो गेला. मी थिएटरच्या भिंतीवर होतो, आतला आरडाओरडा ऐकत होतो. “हिलाच हाकला घराबाहेर!” मग एकदम सगळे गप्प झाले. एबो नंतर सांगायचा, शेवटी सासू एकटी बसते, गेलेल्या सुनेचा वाडगा धुते, त्यात जेवण वाढते आणि समोर ठेवते. बाई एक शब्द बोलत नाहीत.

सकाळी एबो शिडी लावून चढला. साप पांढऱ्या रंगाखाली गेला, बाईंच्या हातात वाडगा आला. डोळे त्याने लालच ठेवले. आता ते रडलेले दिसत होते.

एकुआ माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. “अगं बाई, माझी सासू अश्शीच बसायची,” ती पुटपुटली. पुढच्या बाजाराला तिने बाईंसाठी सगळ्यात मोठा मासा बाजूला काढून ठेवला होता. ते आईचं काम गेलं ते गेलंच, पण पुढे बाईंनी कितीतरी सिनेमांत आईची कामं केली. टीकाकाराने मात्र या सिनेमावर पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

नंतर मला गुंडाळून बरीच वर्षं गोदामात टाकलं. समुद्राच्या दमट हवेने पांढऱ्या रंगाचे पापुद्रे निघाले. खालून सापाचं डोकं वर आलंय, मला ते जाणवतंय. आज बाईंचा सत्कार आहे आणि मला त्यांच्या खुर्चीमागे लावणार आहेत!

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या जपून भागत नाही, अधूनमधून उघडून बघाव्या लागतात. मला आधी जमिनीवर पसरा. त्या पापुद्र्यांवरून एकदा हात फिरवा. ती ऐका, बाईंची काठी दारात वाजतेय. दोरी नंतर शोधा रे, आधी ब्रश आणा!