वाढत्या अंगाची फाईल

"सर, आत काहीच लिहायचं नसलं तरी फाईल करता येते का?"

विजयमालानं विचारलं एकदाचं! अंजनानं एस.टी.तच डिवचलं होतं, "विजे, कॉलेजातल्या सरास्नी असलं कायतरी येड्यावानी इचारून दाव, मग तुला मानलं." उंब्रजच्या हायस्कुलातल्या दहावीच्या पोरी सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर बघायला आल्या होत्या. सगळ्यांनी तोंडावर रुमाल धरले.

सर मात्र खूश झाले. "येते की! इथं सगळ्या यंत्रांना मिळून एकच डिस्क, म्हणून तिच्यावर आधी जागाच धरून ठेवायची. किती ब्लॉक हवेत ते सांगायचं. एक ब्लॉक म्हणजे साधारण अर्धं पान." त्यांनी विजयमालाला टाइपरायटरसारख्या यंत्रापुढं बसवलं, हुकूम कसा लिहायचा ते दाखवलं. "पाच-दहा ब्लॉकची कर," म्हणाले आणि तिला नि अंजनाला तिथंच सोडून बाकीच्या पोरींना घेऊन पलीकडच्या खोलीत गेले.

पाच-दहा? विजयमालाच्या आईनं कुठलीही नवी वस्तू बेताची घेतली नव्हती. गणवेशाचा स्कर्टसुद्धा वाढत्या अंगाचा, आत चार बोटं दुमड. पोरीनं बिनधास्त नाव दिलं 'विजया' आणि पुढं ठोकलं नऊशे. यंत्र खडखडलं, मुकाट कबूल झालं.

"नऊशे?" अंजना.

"असू दे गं. पुढं लागलं तर?"

तेवढ्यात दुसऱ्या यंत्रावरची चारुशीला, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, किंचाळली, "जागा नाही म्हणतंय! सकाळी तर ढीगभर होती!" तिनं सकाळपासून टाइप केलेला प्रोग्रॅम अजून डिस्कवर उतरला नव्हता. पाचला वीजकपात. वीज गेली की सगळं साफ, आणि उद्या तिची तोंडी परीक्षा. घड्याळात पाचला सहा मिनिटं कमी.

विजयमालाची नजर आपल्या नऊशेवर गेली. अंजनानं तिचा दंड दाबला. "गप ऱ्हा. कुणाला कळतंय? एस.टी.त बसलो की सुटलो."

खरंच, कुणाला कळणार होतं? चारुशीलाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. विजयमाला तिच्याकडं वळली.

"ताई, जागा मी खाल्ली. नऊशे ब्लॉक."

"नऊशे? काय भरलंस त्यात?"

"काहीच न्हाई."

चारुशीलानं घड्याळाकडं पाहिलं. "पूस. लगेच. तिथूनच, मी सांगते तसं. पण नाव नीट लिही, दुसऱ्या कुणाची फाईल गेली तर मेलो." तिनं एकेक अक्षर सांगितलं. विजयमाला टाइप करत गेली. एक अक्षर चुकलं, तिनं ते खोडलं. तीन मिनिटं. पुन्हा लिहिलं, दोनदा वाचलं, कळ दाबली. तिकडं चारुशीलानं साठ ब्लॉक मागितले. यंत्र खडखडत राहिलं, राहिलं...

"उतरलं!" चारुशीला खुर्चीतच कोसळली. आणि पंखा थांबला.

"अगं ये टवळे," ती हसली, डोळे पुसत, "बोलली नसतीस तर संपले होते मी."

परतीच्या एस.टी.त अंजना टोमणे मारत होती, विजयमाला वहीच्या मागच्या पानावर तो हुकूम पुन्हा पुन्हा लिहीत होती. घरी पोचल्यावर विजयमालानं चप्पलही काढली नाही. आबा रेडिओचा कान पिळत होते, आई परातीत पीठ मळत होती.

"आबा, आई, आज माझ्यापायी एका पोरीची दिवसभराची मेहनत जाणार हुती. मीच केलं, मीच निस्तारलं. त्या यंत्राची भीती वाटती मला, पण ते मला शिकायचंच हाय. तुमी ठरवलेलं कऱ्हाडचं डी.एड. ऱ्हाऊ द्या. मी अकरावीला सायन्स घेणार, आणि पुढं सांगलीलाच जाणार."